ग्रामपंचायतीचं नवं भवन मंगल कार्यालयासारखं होऊन राहिलं. आक्षेप कुठं आणि कसा घ्यायचा?

शिलाईमशीन · ८ जुलै

नमस्कार. मी वऱ्हाडातल्या सोळाशे वस्तीच्या एका गावात शिलाईचं काम करते. गावाचं नाव टाकत नाही. इथं लिहिलेलं संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर पोचते.

आमच्या जुन्या चावडीच्या जागी ग्रामपंचायतीचं नवं भवन होणार आहे. चावडी पडायलाच आली होती, दोन वर्षांपूर्वीच्या झडीत मागची भिंत बसली. त्यामुळे नवीन नको असं कोणीच म्हणत नाही, मीही नाही. पण मागच्या आठवड्यात कामाचा फ्लेक्स लागला आणि त्यावर ते भवन पाहिलं. समोरून सगळी निळी काच, दोन मजल्यांएवढी उंच, आत मात्र मजला एकच. काचेच्या दोन्ही बाजूंनी लाल आणि चांदीच्या रंगाचे पत्रे. दारात दोन जाडजूड खांब, त्यांच्या डोक्यावर प्लास्टरची पानंफुलं. त्याच्यावर घुमट. दारापर्यंत सात पायऱ्या. सगळ्याभोवती स्टीलच्या रेलिंगचं कंपाउंड. चित्रात खाली हिरवंगार लॉन आहे, एक पांढरी कार उभी आहे (तिथं आमची नाली वाहते) आणि एक गोरी बाई कुत्रं घेऊन फिरून राहिली. पोरं तिला नवी सरपंचीण म्हणतात.

हायवेवर एक मंगल कार्यालय आहे, त्याचा मुखडा हुबेहूब हाच. नवरीचे ब्लाउज द्यायला गेली होती तेव्हा पाहिला होता, म्हणून लगेच ओळखला.

कपडा अंगाला बसत नसला की मला दुरून दिसते. खांदा उतरला की छाती ओढली, बोट ठेवून सांगता येते. या इमारतीचंही मला तसंच दिसते, पण बोट कुठं ठेवू ते कळत नाही. घरी म्हटलं तर भाऊ म्हणाला, "तुले इंजिनीअरिंगमधलं काय समजते वो?"

एक मात्र कळते. चावडीपुढं दगडी ओटा आहे, त्याला लागून कडुलिंब. दर गुरुवारी आमचा बचत गट तिथं बसतो, दुपारी म्हातारे असतात, पऱ्हाटीच्या दिवसांत कापसाच्या बंड्या (बैलगाड्या) सावलीला उभ्या राहतात. पोळ्याचं तोरण त्याच्यासमोर बांधतात, बैल ओळीनं उभे करून झडत्या (पोळ्याची गाणी) तिथंच म्हणतात. कंपाउंड झालं की तोरण रेलिंगला बांधायचं का?

तर विचारायचं असं, की "वाईट दिसते" हे कारण लिहून देता येते का? कोणाकडे द्यायचं? आणि दिलं तर माझ्या धंद्याचं काय? सरपंच बाई आहेत, त्यांचे ब्लाउज मीच शिवते. बोलतात मात्र त्यांचे मालक.

---

टिनाचं_शेड · ८ जुलै

ताई, राग मानू नका. आमची ग्रामपंचायत सात वर्षांपासून शाळेच्या एका खोलीत आहे. पावसाळ्यात दप्तराच्या कपाटावर ताडपत्री टाकतो. तुम्हाला भवन भेटून राहिलं आणि तुम्ही घुमट मोजून राहिल्या. एकदा निधी परत गेला की पुन्हा येत नाही. काच तर काच, होऊ द्या. रंग मागून बदलता येतो.

---

नकाशापाहणारा · ९ जुलै

यात अवघड काही नाही. एमआरटीपी (नगररचनेच्या) कायद्याच्या कलम ३७ खाली ३० दिवसांत हरकत नोंदवा, सुनावणी द्यावीच लागते. सोबत यूडीसीपीआरचा, म्हणजे बांधकामाच्या एकत्रित नियमावलीचा, भंग दाखवा. आमच्या सोसायटीने असंच केलं होतं.

---

निवृत्त_शाखा_अभियंता · ९ जुलै

वरच्या मित्राची गल्लत झाली आहे. १९६६ च्या त्या कायद्याचं कलम ३७ मंजूर विकास आराखड्यात फेरबदल करायचा असतो तेव्हा लागतं. आरक्षण बदलणं, रस्ता सरकवणं वगैरे. एका इमारतीचा दर्शनी भाग आवडला नाही म्हणून ती हरकत चालत नाही. २०२० ची एकत्रित नियमावली मुख्यतः उंची, सामासिक अंतरं (भोवती सोडायची मोकळी जागा), चटई क्षेत्र (एकूण किती बांधायचं) बघते. खांबावर पानं असावीत की नसावीत, यात ती पडत नाही. ताई, या वाटेनं गेलात तर महिना जाईल आणि तोवर प्लिंथ (जोतं) वर आलेली असेल.

मी बांधकाम खात्यात ३१ वर्षं काढली. तुम्ही पाहिला तो फ्लेक्स म्हणजे नकाशा नव्हे. सरकारी पैशाच्या कामाला प्रशासकीय मान्यता लागते, मग अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. या कागदांसोबतचा नकाशा बहुतेक वेळा साधासुधा असतो. घुमट, काच, चकचकीत पत्रे हे कोणाला तरी हौस येते तेव्हा मागाहून चिकटतात, आणि त्यांचे पैसे कुठून तरी काढावे लागतात. मी पाहिलंय, ते व्हरांड्यातून निघतात नाहीतर संडासातून. खोटं कशाला बोलू, असे दोन-तीन मुखडे मीही वरून तोंडी सांगितलं म्हणून काढून दिले आहेत.

म्हणून पहिलं काम, मंजूर नकाशा आणि अंदाजपत्रक मिळवा. आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (आपला जुना ग्रामसेवकच, पदाचं नाव तेवढं बदललं) तोंडी मागा. तो "उद्या या" म्हणाला की त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. साध्या कागदावर, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. "डिझाइन असं का केलं" असं विचारू नका, "का"ला उत्तर येत नाही. मंजूर नकाशाची प्रत, अंदाजपत्रकाची प्रत, तांत्रिक मान्यतेचं पत्र, कार्यारंभ आदेश. बस.

"वाईट दिसते" याला सरकारी कागदात रकाना नाही. पण जे वाईट दिसतं त्याच्या मागं बहुधा एखादी चूक असते. तुम्ही बोट कुठं ठेवू विचारलंत, तर दार कोणत्या दिशेला आहे ते सांगा. आणि जोतं जमिनीपासून किती उंच?

---

शिलाईमशीन · ९ जुलै

दार पश्चिमेला. जोतं साडेतीन फूट लिहिलं आहे.

---

निवृत्त_शाखा_अभियंता · ९ जुलै

मग झालं की. पश्चिमेला दोन मजली काच, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर. दुपारी तीननंतर आतला माणूस भाजून निघेल. कूलर लावाल, तर वीज गेली की भट्टी. हे वाईट दिसण्याचं नाही, वापरता न येण्याचं कारण आहे. असं लिहा.

दुसरं, सात पायऱ्या. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, सार्वजनिक इमारतीत चाकाच्या खुर्चीला जाता आलं पाहिजे. चित्रात रॅम्प आहे का? त्याचा उतार एकास बारा धरतात. साडेतीन फूट चढायला ४२ फूट रॅम्प लागेल. तेवढी जागा पुढं आहे का ते मोजा. नसेल तर जोतं खाली आणा. नाल्याचं पाणी तिथवर चढत नसेल तर दोन फूट पुरे.

तिसरं, कंपाउंड. जमीन काळी असेल तर उथळ पायावरची लांब भिंत दोन उन्हाळ्यांत तडकते.

---

माजी_सदस्य_बाई · १० जुलै

अभियंतासाहेबांनी कागद सांगितले, मी सभा सांगते. मी पूर्व विदर्भातली, पाच वर्षं सदस्य होते.

अर्ज एकटीनं देऊ नका. तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात खरा वाटला. एकटी बाई अर्ज देते तेव्हा गाव इमारत सोडून बाईबद्दल बोलतं. १५ ऑगस्टची ग्रामसभा येतेय, विषय तिथं आणा. त्याच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती बहुतेक ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरवून "होते". तुम्ही ती खरोखर बसून घ्या. गटाच्या बायका येतीलच, त्यांचा ओटा जातोय.

विषय अजेंड्यावर यावा म्हणून आठ-दहा दिवस आधी लेखी द्या आणि पोच घ्या. ऐन वेळचे विषय अध्यक्षांच्या मर्जीवर असतात. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी ती लागते. तुमच्या गावात मतदार हजाराच्या वर असतील, म्हणजे १०० धरून चाला. आणि ही खोच ध्यानात ठेवा, कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली तर पुढच्या तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग वीस माणसांत पाहिजे ते मंजूर होतं. आमच्याकडे समाजमंदिराची जागा अशीच सरकली.

ठराव तुम्ही घरून लिहून न्या. नुसतं "डिझाइनवर चर्चा झाली" असं प्रोसिडिंगमध्ये लिहू देऊ नका, चर्चा झाली म्हणजे काहीच झालं नाही. काय नको, त्याऐवजी काय हवं, सूचक कोण, अनुमोदक कोण. सही करण्याआधी वाचून घ्या आणि नक्कल मागा.

गडचिरोलीच्या मेंढा गावात सगळ्यांची सहमती होईपर्यंत निर्णय घेत नाहीत, आम्ही तिथं जाऊन पाहिलं होतं. तो भाग पेसा या आदिवासी भागासाठीच्या कायद्याखाली येतो, ग्रामसभेला तिथं जास्त बळ आहे. तुमच्याकडे तसं नाही. पण बसून राहायची त्यांची सवय घेता येते. आमच्या सभा वीस मिनिटांत उरकतात आणि मग दोन वर्षं चिडचिड चालते.

---

ओळंबा · १० जुलै

मी गवंडी. ताई, मुखडा कसा पण असो, मले मजुरी तेवढीच भेटते, म्हणून खरं सांगतो.

ते चमकणारे पत्रे आम्ही एका गावात लावले. मागं पोकळी राहते. पहिल्या वर्षी पारवे, दुसऱ्या वर्षी मोहोळ. मोहोळ बसलं तेव्हा ग्रामपंचायत आठ दिवस बंद. फायबरच्या घुमटाचं तर विचारूच नका. आपल्याकडे वानरं किती, तुम्हाले माहीत आहे. वीस वानरांचा कळप कडुलिंबावरून घुमटावर, घुमटावरून टाकीवर. एका उन्हाळ्यात चिरा गेल्या, पावसाळ्यात सरपंचाच्या खुर्चीवर धार. अन् दोन मजले उंच काच पुसणार कोण? शिपायाकडं सहा फुटी शिडी आहे.

त्याच पैशात काय होते ते सांगतो. पश्चिमेला आठ फूट खोल सपरी (पडवी) काढा, तिच्यावर कवेलू (कौलं). भिंत विटांची, खिडक्या लहान, वर विटांची जाळी म्हणजे गरम हवा निघून जाते. कवेलू करणारे आता कमी राहिले हे खरं, पण जुन्या घरांचे निघतात. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसमध्ये कुंभाराच्या चाकावरच्या कवेलूंचं, एकात एक घालून केलेलं छत मी पाहिलं आहे, त्याले लोखंड लागत नाही. हे आमच्या पोरांना शिकवाले पाहिजे, पण कोणाले वेळ नाही.

ओट्याचे दगड काढाल तर मुरमात जाऊ देऊ नका. तसला घडीव दगड आता घडवून मागतो म्हटलं तरी भेटत नाही. काढायच्या आधी नंबर टाका, तसेच्या तसे सपरीच्या पुढं बसवता येतात.

---

टिनाचं_शेड · १० जुलै

मोहोळाचं वाचून विचार बदलला. पण निधीचं तेवढं पाहा ताई, मुदत असते.

---

नकाशापाहणारा · ११ जुलै

कलम ३७ बद्दल साहेबांचं बरोबर आहे, आमचं प्रकरण आरक्षणाचं होतं. एक शंका. गावात जुनं देऊळ वगैरे आहे का? केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर त्याच्यापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते.

---

शिलाईमशीन · ११ जुलै

महादेवाचं देऊळ आहे, हेमाडपंती म्हणतात, पण पुरातत्त्वची निळी पाटी नाही. अन् असती तर चावडीच काय, माझ्या दुकानाच्या टिनालाही परवानगी लागली असती, म्हणून नाही तेच बरं.

अर्ज आज टाकला. "उद्या या" हे तीनदा ऐकलं.

---

शिलाईमशीन · २० ऑगस्ट

सगळ्यांनी विचारलं म्हणून सांगते. पोळा दोन दिवसांवर आला आहे, ब्लाउज पडून आहेत, तरी लिहिते.

नकाशा २९ व्या दिवशी मिळाला. साहेब म्हणाले तसंच निघालं. मंजूर नकाशात घुमट नाही, काच नाही, खांब नाहीत. पश्चिमेला सहा फुटांचा व्हरांडा आहे आणि बाजूला रॅम्पही काढलेला आहे. फ्लेक्सवर व्हरांडा गायब, रॅम्प गायब. म्हणजे कपडा मापानं बेतला होता आणि मग कोणीतरी घेरातला कापून झालर लावली. आता बोट ठेवता आलं.

पण कागद दाखवून गावाला काही दिसत नाही हे मला महिलांच्या सभेत कळलं. मी नकाशा फिरवला, बायकांनी उलटासुलटा पाहिला आणि चहाचं विचारलं. मग शोभाकाकू म्हणाल्या (नाव बदललं आहे), "जमिनीवर काढून दाखव ना बाई." दुसऱ्या दिवशी आम्ही फक्की आणली, कबड्डीच्या मैदानाला मारतात ती, आणि चावडीपुढं कंपाउंडची रेघ मारली, फ्लेक्सवर माप होतं तेवढीच. कडुलिंब आत गेला. ओटा आत गेला. पोळ्याला बैल उभे राहतात तिथं बाहेर सात फूट उरले. एवढ्यात एक बैल मावते, जोडी नाही.

रॅम्प मी लुगड्यानं मोजून दाखवला. नऊवारी लुगडं म्हणजे २७ फूट, साडेतीन फुटांच्या जोत्याला दीड लुगडं लागते. आईचं जुनं लुगडं दारापासून अंथरलं तर रस्त्याच्या पार गेलं. पानठेल्यावरची सगळी माणसं उठून आली. ज्या म्हाताऱ्याचा एक पाय गेल्या साली काढला, ते कुबडीवर पुढं आले अन् म्हणाले, "मंग म्या दाखला रस्त्यावरूनच मांगाचा काय?" त्यांच्यापुढं कोणी विकासाचं बोललं नाही.

त्या रात्री पाऊस आला आणि फक्की वाहून गेली, पण लोकांनी पाहिलं होतं.

१५ ऑगस्टला १३१ सह्या झाल्या. सरपंचबाईंचे मालक म्हणाले, "तुम्हाले गाव मागंच ठेवायचं आहे. बाहेरगावचा माणूस आला तर त्याले भवन दिसलं पाहिजे." मी म्हटलं, मामाजी, बाहेरगावचा माणूस वर्षातून एकदा येते, आम्ही रोज येतो. सभेत एवढंच बोलली, पाय थरथरत होते. बाकी दीड तास इतर लोक बोलले. वानरांचं ओळंबाभाऊंनी लिहिलेलं मी वाचून दाखवलं, त्याला सगळ्यात जास्त हशा पडला, आणि घुमट तिथंच पडला.

ठराव असा झाला, की काम मंजूर नकाशाप्रमाणे करायचं, व्हरांडा व रॅम्प ठेवायचा, जोतं दोन फूट, काच व पत्रे लावायचे नाहीत, कंपाउंड फक्त मागच्या तीन बाजूंनी. कडुलिंब आणि त्याच्यापुढची जागा मोकळी. जोत्याचा बदल अभियंत्याकडून लेखी येणार आहे, तो अजून आला नाही. मी एक वाक्य घालायला लावलं होतं, "सदर दर्शनी भाग गावाला शोभत नाही असे सभेचे मत आहे." ग्रामपंचायत अधिकारी म्हणाले याची गरज नाही, कारणं आहेत तेवढी पुरे. मी म्हटलं गरज नसू द्या, लिहा. लिहिलं. नक्कल माझ्याकडे आहे, लॅमिनेट केली.

ओटा मात्र सरकणार, व्हरांडा त्याच्यावर येते. आणि दोन खांबांवर तडजोड करावी लागली. मामाजी म्हणाले, "एवढं तरी राहू द्या." त्यांचा चेहरा पाहून बायकाच म्हणाल्या राहू द्या. आता त्यांना त्यावर सोनेरी रंग पाहिजे. त्याचं भांडण चालू आहे.

सरपंचबाईंनी काल ब्लाउजपीस पाठवला. मापाला स्वतः आल्या, एरवी जुना ब्लाउज पाठवतात. बसल्या, चहा घेतला, भवनाचं काही बोलल्या नाहीत. जाताना म्हणाल्या, "सोनेरी मलेबी नाही आवडत."

टिनाचं शेडभाऊ, निधी परत गेला नाही.

ओळंबाभाऊ, एक विचारायचं होतं. ओट्याचे दगड काढायला पोळ्यानंतर सुरुवात आहे. मी खडूनं नंबर टाकले होते, ते पावसानं गेले. ऑइल पेंटनं टाकले तर दगडाला डाग राहील का? आणि खालच्या थरातले दोन दगड कालपासून दिसत नाहीत. एक पानठेल्याच्या पायरीला लागलेला सापडला, दुसऱ्याचा पत्ता नाही.